गच्चीवरच्या शेगडीवर टोफूच्या सळया: वडी फिरते, चिकटते, फाटते. काय चुकतंय?

राजेंद्रनगरचे आजोबा:

नमस्कार मंडळी. वय ६७, बँकेतून निवृत्त. स्वयंपाकघरात मला कोणी फारसं फिरकू देत नाही, पण गच्चीवरची शेगडी माझी. बाफले (उकडून मग भाजलेले कणकेचे गोळे) असोत, भरताची वांगी असोत, निखाऱ्याचं सगळं खातं माझ्याकडे. त्यामुळे कोजागिरीला जी फजिती झाली ती मलाच निस्तरायची आहे.

मुलगा-सून बंगळूरहून आले होते. नात साडेचार वर्षांची, तिला दुधाची ॲलर्जी आहे. दूध पचत नाही अशातला प्रकार नव्हे. अंगावर गांध्या उठतात, ओठ सुजतात. म्हणजे घरात कोजागिरी आणि पोरीला दूध वर्ज्य! बायकोने तिच्यासाठी नारळाच्या दुधात केशर-वेलची घालून वेगळा पेला केला, तो तिने मिटक्या मारत संपवला. तिथपर्यंत सगळं छान.

दरवर्षी मी पनीरच्या सळया लावतो. सून म्हणाली, "बाबा, हिच्यासाठी टोफूच्या लावा ना, सोया तिला चालतं." डेअरीवर गेलो. आपल्या इंदुरात टोफू म्हटलं की काउंटरवरचा पोरगा तोंडाकडे बघतो, सोया पनीर म्हटलं की लगेच काढून देतो. २०० ग्रॅमचं एक बंद पाकीट घेतलं, आणि कमी पडेल म्हणून पाव किलो सुटं. ते त्याने पाण्याच्या डब्यातून काढून कापून दिलं.

दही टाळलं. तेल, लिंबू, आलं-लसूण, लाल तिखट, कसुरी मेथी, भाजलेलं बेसन, मीठ आणि थोडा गूळ. सकाळी ११ ला मुरवून ठेवलं ते संध्याकाळी ८ पर्यंत. नऊ तास! पनीरला एवढं मुरवलं तर लोक पत्ता विचारत येतात.

मग सुरू झाली गंमत. वडी, सिमला मिरची, कांदा, छोटा बटाटा, परत वडी असं ओवलं. सळई फिरवली की सळई फिरायची, वडी जागची हलायची नाही. खालची बाजू काळी, वरची पांढरीफटक. चिमट्याने उचलायला गेलो तर अर्धी वडी जाळीवर आणि अर्धी निखाऱ्यात. मिरची जळली, बटाटा कच्चा. एक वडी कशीबशी शाबूत निघाली ती नातीला दिली. तिने दोन घास खाल्ले आणि म्हणाली, "आजोबा, याच्या आत काहीच नाहीये."

पोरीने बरोबर ओळखलं. बाहेरून मसाला, आत ओला खडू.

नाताळच्या सुट्टीत ती परत येणार आहे. तोवर मला हे जमवायचं आहे. शेगडी जुनी लोखंडी, आईच्या वेळची. जाळी लोहामंडीतून करून घेतलेली. सळया म्हणजे सायकलचे स्पोक, एका मित्राने टोकं घासून दिली. काय चुकलं ते सांगा. पनीर खा असं सांगू नका.

जाता जाता: खाल्ल्यावर नातीच्या हनुवटीवर दोन-तीन लाल ठिपके उठले होते, अर्ध्या तासात गेले. तिखटाने असेल, असं आम्ही धरलं.

भिया पोहेवाले:

काका, पहिलं काम म्हणजे वरून शेव घाला. इंदुरात शेव घातल्यावर कुठलाही पदार्थ वाया गेल्याचं ऐकिवात नाही.

आता खरं उत्तर. गोल सळईवर मऊ वडी फिरणारच. भोकाच्या कडेला तिला धरून ठेवणारं काही नसतं. एका वडीतून दोन सळया घाला, समांतर, मध्ये बोटभर अंतर ठेवून. शिडीसारखं दिसतं. मग उलटलं की सगळं एकदम उलटतं. नाहीतर चपट्या पट्टीच्या सळया घ्या, कसेरा बाजारात भांड्यांच्या दुकानात मिळतात. आणि वड्या चौकोनी फासे करू नका. लांबट कापा, बोटाएवढ्या जाड, म्हणजे निखाऱ्याकडे मोठी सपाट बाजू येते.

बाकी टोफूबद्दल मला फार कळत नाही. बायको करते, मी शिडी धरतो.

दोन डबे वेगळे:

काका, मी वडीचं नंतर बोलते. आधी ते लाल ठिपके.

माझ्या मुलाला दुधाची ॲलर्जी आहे, आता नऊ वर्षांचा आहे. तुमची पोस्ट वाचताना मला तीन ठिकाणी धस्स झालं. पहिलं, सुटं सोया पनीर. डेअरीत ते बहुतेक वेळा पनीरच्या शेजारीच असतं, कधी त्याच पाण्यात, आणि कापायला सुरी तीच. दुसरं, तुम्ही दही टाळलं ते नातीच्या सळयांना. पनीरच्या सळयांना दह्याचा मसाला होता ना? आणि तेल लावायचा ब्रश? एकच असणार. तिसरं, जाळी. पनीर आधी भाजलं असेल तर त्याचं चिकटलेलं जाळीवर राहतं आणि पुढच्या वडीला लागतं.

तिखटाने तोंडाभोवती लाली येते, हेही खरं. त्यामुळे दुधानेच झालं असं मी इथे बसून म्हणणार नाही. पण दुधाची ॲलर्जी असलेल्या पोरीच्या बाबतीत "तिखटाने असेल" म्हणून सोडून देऊ नका. सुनेला सांगा, पुढच्या वेळी डॉक्टरांच्या कानावर घालायला. एकदा दोन ठिपके उठले म्हणून दर वेळी दोनच उठतील असं नसतं.

आमच्याकडचा नियम: बंद पाकीट, आणि त्यावर काय काय घातलंय ते वाचून. मुलाचं आधी भाजायचं, स्वच्छ घासलेल्या जाळीवर, मग बाकीच्यांचं. ब्रश वेगळा, ताट वेगळं, चिमटा वेगळा. आमच्या चिमट्याला मी हिरवा दोरा बांधलाय. सासूबाई आधी हसायच्या, आता पाहुण्यांना त्याच ओरडतात, "हिरव्याला हात नाही लावायचा!"

राजेंद्रनगरचे आजोबा:

दोन डबे वेगळे, तुमचं वाचून खाली जाऊन बायकोला विचारलं. ब्रश एकच होता. पनीर आधी भाजलं होतं, कारण पाहुणे भुकेले होते. आणि सुटं सोया पनीर त्याने ज्या डब्यातून काढलं त्यात शेजारी पांढरी मोठी वडी तरंगत होती, ती काय होती हे मी विचारलंही नाही. सुनेला फोन केला. ती दोन मिनिटं गप्प होती, मग म्हणाली, "बाबा, बरं झालं सांगितलंत."

हिरवा दोरा आणतो. पुढे बोला.

माळव्याची सून:

आजोबा, मी घरीच टोफू करते. सासरी देवासजवळ शेती आहे, सोयाबीन पोत्याने येतं. माळव्यात दर दुसऱ्या शेतात सोयाबीन, आणि आपण ते खातो कशात? तेलात आणि वड्यांच्या भाजीत. असो.

तुमची मुख्य चूक ही की तुम्ही टोफूला पनीर समजलात. दिसायला भावंडं, पण टोफूच्या वडीत तीन चतुर्थांशाहून जास्त पाणी असतं. २०० ग्रॅमच्या पाकिटात दीडशे ग्रॅमच्या आसपास पाणीच धरा. आता तुमचा मसाला होता तेलाचा. पाण्याने भरलेल्या वडीत तेल कुठून शिरणार? नऊ तास काय, नऊ दिवस ठेवलं असतं तरी वरच राहिलं असतं. आत जातं ते मीठ, तेही हळूहळू. म्हणून नातीला आत काहीच लागलं नाही.

चिकटण्याचं कारणही पाणीच. ओली वडी जाळीवर ठेवली की आधी पाण्याची वाफ होत राहते, तोवर पापुद्रा धरत नाही, आणि मऊ प्रथिन तापलेल्या लोखंडाला घट्ट पकडून बसतं. त्यात तुम्ही गूळ घातलात. गूळ आधी जळतो, मग डिंकासारखा चिकटवतो.

मी काय करते ते सांगते. एक लिटर पाणी उकळून त्यात दोन मोठे चमचे मीठ. चव घेतली तर खारटच लागलं पाहिजे. गॅस बंद करून त्यात कापलेल्या वड्या सोडायच्या, पंधरा मिनिटं. पाणी काढायला पाण्यात टाकायचं हे ऐकून माझी जाऊ मला वेड्यात काढत होती. पण उष्णतेने वडीतलं प्रथिन आवळतं आणि आतलं पाणी बाहेर ढकलतं, मीठ आत जातं, आणि गरम वडी बाहेर काढली की वरचा ओलावा वाफेने आपोआप उडतो. मग कोरड्या पंच्यावर पसरून वर दुसरा पंचा, दहा-पंधरा मिनिटं. बोट लावलं तर चिकट-ओलसर नको, कागदासारखं कोरडं लागलं पाहिजे. हीच खूण.

त्यानंतर कोरडा मसाला आणि चमचाभर कॉर्नफ्लोअर, मग तेल. अर्धा तास पुरे. गूळ, चिंच, लिंबू हे सगळं वेगळ्या वाटीत. भाजून होत आल्यावर शेवटची दोन मिनिटं ब्रशने लावायचं.

रबरविरोधी:

एवढा खटाटोप करून शेवटी चव कशाची लागते? मिठाची, चिंचेची, कोळशाची. टोफूची स्वतःची चव काय? लहानपणी एका लग्नात खाल्लं होतं, पेन्सिल खोडायचं रबर परवडलं. नातीला बटाटे भाजून द्या, खूश होईल.

माळव्याची सून:

रबरविरोधी, बटाट्याची मिठाशिवाय काय चव असते ते एकदा खाऊन सांगा, मग बोलू.

तुम्हाला आला तो बहुतेक कच्च्या सोयाचा उग्र वास. त्यालाही कारण आहे. सोयाबीन दळताना त्यातलं एक विकर (एन्झाइम) तेलाशी खेळतं आणि तो कडधान्याचा दर्प तयार होतो. थंड पाण्यात वाटलं तर जास्त. मी उकळतं पाणी घालूनच वाटते, मग विकर तिथल्या तिथे मरतं. खंडवा रोडवर आपली सोयाबीन संशोधन संस्था आहे ना, १९८७ पासूनची, त्यांनी एनआरसी १४२ म्हणून वाण काढलाय. त्यात दर्प आणणाऱ्या विकरांपैकी एक मुळातच नाही, आणि पचन अडवणारं जे प्रथिन कच्च्या सोयात असतं तेही नाही. त्या दाण्याचं दूध खरंच सौम्य लागतं. साध्या दाण्याचं दूध मात्र उकळी आल्यावर दहा मिनिटं तरी उकळायलाच हवं, त्यात आळस नको.

कोळशाची काजळी:

काका, सगळे टोफूवर बोलतायत, मी स्पोकवर बोलतो. ते आधी फेकून द्या.

स्पोकवर बऱ्याचदा जस्ताचा मुलामा असतो, गंजू नये म्हणून. निखाऱ्यावर तो तापवून त्यावर खायचं ओवायचं, हे बरोबर नाही. स्टीलचे असतील तर वेगळी गोष्ट, पण तुमच्या मित्राकडचे कुठले आहेत हे तुम्हाला कसं कळणार? नुसत्या स्टीलच्या चपट्या सळया घ्या, नाहीतर बांबूच्या काड्या. काड्या अर्धा तास पाण्यात बुडवायच्या, तरी टोकं जळतातच, काळजी नाही.

आता निखारे. वर्णनावरून तुम्ही घाई केलीत असं वाटतं. पाहुणे भुकेले, ज्वाळा दिसतायत, लावा सळया. बाफल्यांच्या वेळी तुम्ही गोवऱ्या पूर्ण धगधगून राख धरेपर्यंत थांबता ना? इथेही तेच. कोळसा पेटल्यावर पंचवीस-तीस मिनिटं, वर पांढुरकी राख आली पाहिजे. तळहात जाळीच्या वर वीतभर धरायचा. तीन-चार सेकंदांत ओढून घ्यावासा वाटला तर आच बरोबर. एका सेकंदात ओढला तर थांबा. निखारे एका बाजूला जास्त आणि दुसऱ्या बाजूला विरळ ठेवायचे, जे जळायला लागलं ते विरळ बाजूला सरकवायचं.

जाळी रिकामी पाच मिनिटं तापवा, घासा, मग अर्धा कांदा काट्याला टोचून तेलात बुडवून जाळीवर फिरवा. डोशाच्या तव्याला करतो तसं. वडी ठेवली की तीन-चार मिनिटं हात लावायचा नाही. सगळ्यांची चूक इथेच होते. पापुद्रा धरला की वडी स्वतःहून जाळी सोडते. उचलून बघितल्यावर ओढ लागली तर समजायचं, अजून तयार नाही, परत ठेवा. जबरदस्ती केली की फाटली.

आणि एका सळईवर एकच वस्तू. मिरचीला सात-आठ मिनिटं लागतात, कांद्याला दहा, मशरूमला मधेच पाणी सुटतं, टोमॅटो तीन मिनिटांत गळतो. फोटोत रंगीबेरंगी सळई छान दिसते म्हणून सगळे तसं ओवतात आणि अर्धं कच्चं, अर्धं कोळसा खातात. बटाटा नेहमी उकडून.

थंडी आहे म्हणून शेगडी उचलून खोलीत मात्र नेऊ नका. दिसत नाही, वास येत नाही, पण कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूने माणसं झोपेत गेलेली आहेत. भाजणं गच्चीवर, उघड्यावर.

भिया पोहेवाले:

बायको विचारतेय, टोफू फ्रीझरमध्ये का नाही सांगितलं कोणी? ती तसं करते. पाकीट आख्खं रात्रभर बर्फाच्या कप्प्यात. सकाळी पिवळं पडलेलं असतं, घाबरायचं नाही. खाली फ्रीजमध्ये सुटू द्यायचं, मग दोन तळव्यांत धरून पिळायचं. खरंच पिळायचं, स्पंजासारखं. आत बर्फाचे खडे होते तिथे भोकं राहतात, पाणी निघून जातं आणि रस्सा आत शिरतो. जपानमध्ये टोफू असाच गोठवून वाळवून साठवायचे म्हणे, ती म्हणाली.

चावायला थोडं मटणासारखं लागतं. हे माझं वाक्य. घरात मटण येत नाही, त्यामुळे मी काय म्हणतोय ते तिला कळलं नाही.

राजेंद्रनगरचे आजोबा:

मंडळी, रविवारी प्रयोग केला. नात यायच्या आधी रंगीत तालीम.

बंद पाकिटं दोन, वाचून घेतली. एक माळव्याच्या सूनबाईंच्या पद्धतीने खारट पाण्यात, एक भियांच्या पद्धतीने गोठवून. सळया चपट्या, कसेरा बाजारातून आणल्या. स्पोक मित्राला परत केले. तो दुखावला. त्याच्या सायकलवर बसवून घे म्हटलं.

खारट पाण्यातली वडी पंच्यावर पंधरा मिनिटं ठेवली आणि बोट लावून बघितलं. कागदासारखी कोरडी म्हणजे काय ते तेव्हा कळलं. कोजागिरीला माझी वडी अक्षरशः ठिबकत होती. मसाल्यात मी मोहरीचं तेल, धने, मिरी, सुंठ आणि कॉर्नफ्लोअर घेतलं. गूळ-चिंचेची वाटी बाजूला.

अर्धा तास निखारे होऊ दिले. हा अर्धा तास काढणं फार कठीण असतं हो. बायको दोनदा वर येऊन विचारून गेली. तळहात धरून बघितला, चार मोजले. जाळीवर कांदा फिरवला, चर्र झालं. दोन वड्या ठेवल्या आणि हात पाठीमागे बांधून उभा राहिलो, शब्दशः, नाहीतर माझा हात जातो. पहिल्या मिनिटाला काही नाही. दुसऱ्याला कडा पिवळसर. तिसऱ्या मिनिटाला कडेचं तेल बारीक फुगे काढायला लागलं आणि वडी जाळीवर अगदी जराशी उचलल्यासारखी झाली. चिमटा लावला. सुटली! खाली जाळीच्या रेघा, तांबूस, मध्ये एकही भेग नाही. बायकोला हाक मारली तर ती म्हणाली, "एवढं काय ओरडताय, टोफूच आहे ना?"

शेवटी दोन मिनिटं गूळ-चिंच लावली, उतरवल्यावर वरून जीरावन, आपला इंदुरी आंबट-तिखट मसाला. सराफ्याच्या रात्रीच्या खाऊबाजारात तळलेल्या गराडूवर (थंडीतला एक कंद) घालतात तसं, उतरवल्यावरच. आधी घातलं तर आमचूर जळून कडवट होतो, तेही एका वडीवर करून बघितलं.

निकाल असा. गोठवलेली मला आवडली. चिवट, रस धरलेली, निखाऱ्याचा वास आतपर्यंत. बायकोला खारट पाण्यातली आवडली, बाहेर कुरकुरीत आणि आत मऊ. नातीला हीच आवडेल असं तिचं म्हणणं, कारण पोरीचे पुढचे दोन दात हलतायत. शेजारचे गोखले... म्हणजे शेजारी, नाव नको, ते तीन वड्या खाऊन "पनीर ताजं आहे" म्हणाले. त्यांना सांगितलं नाही.

फसलं तेही लिहितो. गराडू आलाय बाजारात, म्हणून हौसेने त्याचे तुकडे कच्चेच सळईला लावले. वीस मिनिटांनी बाहेर काळे आणि आत दगड. शिवाय सोलताना हात खाजले ते रात्रभर. हाताला तेल लावून सोलायचा असतो हे माझी आई सांगायची, आठवलं ते खाजायला लागल्यावर.

आणखी एक. खारट पाण्यात घातल्यावर मसाल्यात परत मीठ घातलं मी, सवयीने. खारट झालं. जीरावनातही मीठ असतंच. पुढच्या वेळी मसाल्यात मीठ शून्य.

कोळशाची काजळी:

गराडू कुकरला एक शिट्टी, जास्त नाही, मग गार करून ओवा. सराफ्यात तरी कुठे एकदाच तळतात? एकदा तळून ठेवतात आणि गिऱ्हाईक आलं की पुन्हा.

दोन डबे वेगळे:

काका, नातीच्या वेळी जीरावनाचं पाकीटही नवं फोडा. आधीच्या डब्यात पनीरवर भुरभुरलेला चमचा गेलेला असेल. आणि गच्चीवर पाहुणे दुधाचे पेले घेऊन फिरत असतील तर तिचं ताट उंचावर.

राजेंद्रनगरचे आजोबा:

नवं आणलं. त्या डब्यालाही हिरवा दोरा बांधलाय. आता घरात एवढे हिरवे दोरे झालेत की बायको विचारते, मलाही बांधणार का.

एक शेवटची शंका. उत्साहाच्या भरात काल घरी टोफू करून बघितला. पाव किलो सोयाबीन, रात्रभर भिजवून, उकळत्या पाण्यात वाटून, दहा मिनिटं उकळून, पंच्यातून गाळून. फेस एवढा आला की अर्धं दूध ओट्यावर, म्हणजे पातेलं मोठं घ्यायला हवं होतं. लिंबाने फाडलं, वर खलबत्ता ठेवून दाबलं. वडी झाली, पण भुरभुरीत. सळईवर टिकेल असं वाटत नाही.

माळव्याची सून:

लिंबाने भुरभुरीतच होते, तिची भुर्जी करा. सळईसाठी खायचं मॅग्नेशियम क्लोराइड मिळवा, आणि दूध उकळत असताना घालू नका. गॅस बंद करून पाच-सात मिनिटं थांबा. बोट घालवणार नाही इतकं गरम, पण उकळी शांत झालेली. हळूहळू घालायचं, एकदाच ढवळायचं, झाकण ठेवून विसरायचं. सारखं ढवळलंत ना?

राजेंद्रनगरचे आजोबा:

ढवळलं. माझा हात जातो हे वर लिहिलंच आहे.

पंच्यात जो चोथा उरलाय त्याचं काय करू? बायको म्हणते तुमचा प्रयोग, तुमचा चोथा. चांगला वाडगाभर आहे.

माळव्याची सून:

थालीपीठ. चार वाट्या भाजणीला एक वाटी चोथा, कांदा आणि ओवा जरा सढळ हाताने. त्याहून जास्त घातलात तर थापताना तुटेल. आणि आजच करा, तो दुसऱ्या दिवशी आंबतो.